सीबीसीत पांढऱ्या पेशी वाढल्यात? घाबरण्याआधी रिपोर्ट असा वाचा

मी नाशिकला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, १६ वर्षं झाली आता. सकाळी रक्त काढायचं, मशिनला सॅम्पल लावायचं, गरज असेल तिथं स्लाइड करायची आणि संध्याकाळी काउंटरवर बसून रिपोर्ट द्यायचे. त्या काउंटरवर सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "ताई, यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, रक्तात इन्फेक्शन निघालं का?" आणि त्याच्या मागोमाग, जरा आवाज खाली करून, "कॅन्सर तर नसेल ना?" काउंटरवर मागे रांग असते त्यामुळे नीट सांगायला वेळ मिळत नाही, आणि लोक घरी जाऊन मोबाइलवर शोधत बसतात आणि रात्रभर झोपत नाहीत. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, औषध सांगणार नाही, पण सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात आला की काय बघायचं, कुठल्या क्रमानं बघायचं आणि डॉक्टरकडे जाताना काय सोबत न्यायचं एवढं नक्की सांगू शकते.

आधी एक घोळ मिटवूया. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू सुरू झाला की "पेशी कमी झाल्या" म्हणतात, त्या पेशी म्हणजे प्लेटलेट्स. त्या लाखात असतात, दीड लाख ते साडेचार लाख. पांढऱ्या पेशी वेगळ्या, त्या हजारात असतात. माझ्याकडे एक काका आले होते, रिपोर्टमध्ये ११,८०० बघून म्हणाले पेशी बारा हजारावर आल्या, आता ॲडमिट करावं लागेल, आणि प्रत्यक्षात त्यांच्या प्लेटलेट्स २ लाख ४० हजार होत्या. तेव्हा आधी ओळ बरोबर पकडा. रिपोर्टवर ती टोटल डब्ल्यूबीसी काउंट, टोटल ल्युकोसाइट काउंट किंवा नुसतं टीएलसी अशा नावानं असते. मोठ्या माणसाचा नॉर्मल साधारण ४,००० ते ११,०००, लॅबप्रमाणे थोडं इकडंतिकडं. आणि आकडा कसा छापलाय तेही बघा, काही लॅब १२,४०० लिहितात आणि काही १२.४ लिहून शेजारी हजारचं युनिट देतात, दोन्ही एकच. १२.४ बघून "फक्त बाराच उरल्यात" म्हणून रडणारी माणसं मी बघितलीत, हसण्यासारखं काही नाही त्यात, रिपोर्ट आपण छापतोच असे की सामान्य माणसाला कळू नये.

आता मुख्य गोष्ट. टोटल काउंट हा फक्त गोळाबेरीज आहे. पांढरी पेशी नावाची एकच पेशी नसते, पाच प्रकार असतात, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल, आणि कुठला प्रकार वाढलाय त्यावर सगळी गोष्ट ठरते. बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, जंत, ॲलर्जी, स्टेरॉइडची गोळी, बिडी-सिगारेट, गरोदरपण आणि ब्लड कॅन्सर, सगळ्यांत टोटल काउंट वाढू शकतो. त्यामुळे टोटलच्या खाली जो डिफरन्शिअल काउंट असतो, टक्केवारीवाला, तो न बघता "इन्फेक्शन आहे" म्हणणं म्हणजे मार्केट यार्डात गाडी आली एवढंच बघून आत कांदा आहे की टोमॅटो हे सांगण्यासारखं आहे.

आणि त्या टक्केवारीतही एक फसवणूक आहे, तिथं बहुतेक जण अडकतात. टक्के म्हणजे वाटा. एक वाढला की दुसरा आपोआप कमी दिसतो. म्हणून प्रत्येक पेशीचा खरा आकडा काढायचा, त्याला ॲब्सोल्यूट काउंट म्हणतात, हल्ली बऱ्याच रिपोर्टवर छापलेला असतो, नसेल तर टोटल गुणिले टक्के भागिले शंभर, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. मोठ्या माणसात न्यूट्रोफिल २,००० ते ७,०००, लिम्फोसाइट १,००० ते ३,००० (काही लॅब ४,००० पर्यंत धरतात), मोनोसाइट १,००० च्या आत, इओसिनोफिल ५०० च्या आत आणि बेसोफिल अगदी मोजके, १००-२०० च्या आत.

उदाहरण माझ्या घरातलंच देते. माझे वडील, आप्पा, निफाडकडे राहतात, द्राक्षाची बाग आहे. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, ऐन काढणीच्या वेळी त्यांना खोकला आणि धाप लागायला लागली. जवळच्या एका डॉक्टरांकडे गेले, त्यांनी एक इंजेक्शन आणि पुडीत बांधून छोट्या पांढऱ्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत एकदम बरं वाटलं. मग चौथ्या दिवशी भाऊ म्हणाला एकदा रक्त तपासून घेऊ, तर टोटल काउंट १८,६००. दुसऱ्या एका दवाखान्यात तो आकडा दाखवला आणि तिथं लगेच सांगितलं की रक्तात इन्फेक्शन खूप आहे, पाच दिवस ॲडमिट करून सलाइनमधून अँटिबायोटिक द्यावं लागेल. भावाचा फोन आला तेव्हा माझेही हातपाय गार पडले, खोटं कशाला सांगू.

मग मी त्याला रिपोर्टचा फोटो पाठवायला सांगितला. न्यूट्रोफिल ८६ टक्के, लिम्फोसाइट १० टक्के, मोनोसाइट ४, इओसिनोफिल शून्य. न्यूट्रोफिल काढले तर जवळपास १६,०००, म्हणजे खरंच वाढलेले. लिम्फोसाइटच्या पुढं कमी असल्याचा लाल बाण होता, पण १८,६०० चे १० टक्के म्हणजे १,८६०, अगदी नॉर्मल, फक्त न्यूट्रोफिलनी जागा खाल्ली म्हणून टक्का कमी दिसतोय. आणि मला खटकलं ते इओसिनोफिल शून्य. ताप नाही, थंडी नाही, भूक चांगली, आप्पा बागेत उभे राहून मजुरांशी बोलतायत, आणि काउंट अठरा हजार? मी विचारलं त्या पुडीतल्या गोळ्या कुठल्या, भाऊ परत त्या डॉक्टरांकडे गेला, नाव लिहून आणलं, प्रेडनिसोलोन. स्टेरॉइड.

हे इथं नीट समजून घ्या कारण नाशिक काय आणि अख्ख्या महाराष्ट्रात काय, गुडघेदुखी, दमा, अंगावरचं पित्त, खाज, सगळ्याला स्टेरॉइड दिलं जातं आणि पेशंटला ते माहीतही नसतं. आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिलपैकी साधारण निम्म्याच पेशी वाहत असतात, बाकीच्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेल्या असतात. आपण जे रक्त काढतो त्यात वाहणाऱ्याच येतात. सीबीएसला, म्हणजे आमच्या सेंट्रल बस स्टँडला, रस्त्याच्या कडेला रिक्षा उभ्या असतात तशा, कुणी त्यांना हाकललं आणि सगळ्या एकदम रस्त्यावर आल्या तर गर्दी दुप्पट झाल्यासारखी वाटते पण शहरात एकही नवी रिक्षा आलेली नसते. स्टेरॉइड हेच करतं, कडेच्या पेशी प्रवाहात आणतं, शिवाय हाडाच्या मगजातून, म्हणजे बोन मॅरोमधून, जास्तीच्या सोडायला लावतं. काही तासांत काउंट वर जातो, पंधरा-वीस हजारापर्यंतसुद्धा. आणि त्याच वेळी इओसिनोफिल आणि लिम्फोसाइट खाली ढकलतं. भरपूर व्यायाम, खूप वेदना, ऑपरेशन, भाजणं, फिट येणं, हार्ट ॲटॅक, भीतीनं छाती धडधडणं यातही अशाच प्रकारे न्यूट्रोफिल वाढतात. सोमेश्वरला पहाटे दहा किलोमीटर पळून तिथूनच थेट रक्त द्यायला येणारे एक जण होते, त्यांचा काउंट कायम थोडा वरचाच, मी त्यांना म्हटलं एकदा विश्रांतीच्या दिवशी या, तर नॉर्मल आला.

आप्पांचं पुढं काय झालं ते सांगते. आम्ही त्यांना नाशिकला आणलं, छातीच्या डॉक्टरांना सगळं मोकळेपणानं सांगितलं, गोळ्यांचं नावही दाखवलं. सीआरपी, म्हणजे अंगात सूज किंवा इन्फेक्शन असेल तर वाढणारी रक्ताची तपासणी, नॉर्मल, एक्सरे स्वच्छ. स्लाइड मी स्वतः केली आणि आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी बघितली, न्यूट्रोफिल भरपूर पण सगळे तयार झालेले, नीट तीन-चार पाकळ्यांचे, कच्चे नाहीत. ॲडमिट करायची गरज नाही, स्टेरॉइडचा कोर्स डॉक्टर सांगतील तसा संपवा आणि दोन आठवड्यांनी परत सीबीसी करा असं ठरलं. (स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर आपल्या मनानं झटक्यात बंद करायचं नसतं, जिवावर बेतू शकतं, हे लक्षात ठेवा.) दोन आठवड्यांनी टोटल ८,१००, आणि इओसिनोफिल ९ टक्के, म्हणजे ७२९. खरं दुखणं आत्ता कुठं रिपोर्टवर दिसलं. दमा होता, ॲलर्जीचा, आणि पहिल्या रिपोर्टमध्ये स्टेरॉइडनं तो झाकला होता. आता इन्हेलर वापरतात, बागेत धुरळणी चालू असेल तेव्हा लांब थांबतात, बरे आहेत.

न्यूट्रोफिल वाढण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण मात्र बॅक्टेरियाचं इन्फेक्शन हेच, त्यात वाद नाही. न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, गळू, पायाला सूज येऊन लाल होणं, अपेंडिक्स, पित्ताशयाची सूज. अशा वेळी रिपोर्टखाली स्मिअरच्या, म्हणजे काचेच्या स्लाइडवर पसरून मायक्रोस्कोपखाली बघितलेल्या रक्ताच्या, रकान्यात काही शब्द दिसतील ते शोधा, बँड फॉर्म्स, लेफ्ट शिफ्ट, टॉक्सिक ग्रॅन्युल्स. बँड म्हणजे कच्चे न्यूट्रोफिल, ज्यांच्या केंद्रकाच्या पाकळ्या अजून पडलेल्या नाहीत, मागणी इतकी वाढली की मॅरोनं अर्धवट तयार मालही बाहेर पाठवला असा त्याचा अर्थ. हे शब्द असतील आणि अंगात ताप असेल तर इन्फेक्शनची शक्यता बरीच वाढते आणि मग ते नेमकं कुठं आहे ते शोधावं लागतं, कारण "रक्तात इन्फेक्शन" हा काही आजार झाला नाही. रक्तात नुसती हालचाल दिसते, जागा छातीत, पोटात, मूत्रमार्गात, दातात कुठंही असू शकते. इन्फेक्शनमुळं शरीराची प्रतिक्रिया हाताबाहेर जाऊन अवयव बिघडायला लागणं म्हणजे सेप्सिस, तो वेगळा आणि फार गंभीर प्रकार, त्यातला माणूस काउंटरवर रिपोर्ट घ्यायला येत नाही, तो आयसीयूत असतो.

उलटं पण लक्षात ठेवा, जे आजार आपण पावसाळ्यात धरून चालतो त्यात काउंट वाढतोच असं नाही. डेंग्यूत पांढऱ्या पेशी बहुतेक वेळा कमी होतात. टायफॉइडमध्ये नॉर्मल किंवा कमी. मलेरियात पण साधारण तसंच. म्हणजे काउंट नॉर्मल आला म्हणून ताप अंगावर काढायचा नाही. आणि म्हाताऱ्या माणसात, डायबेटिस असणाऱ्यात किंवा केमोथेरपी चालू असणाऱ्यात जोरदार इन्फेक्शन असूनही काउंट न वाढलेला मी खूपदा बघितलाय.

बिडी-सिगारेटचं वेगळं सांगते कारण अंबड-सातपूरच्या कंपन्यांतून वर्षाच्या मेडिकल चेकअपला जी मुलं येतात त्यांच्यात हे फार दिसतं. वर्षानुवर्षं काउंट १२,०००, १२,५००, बाकी काही त्रास नाही, दरवेळी कुणीतरी अँटिबायोटिकचा कोर्स देतं आणि दरवेळी काउंट तसाच राहतो. सिगारेट ओढणाऱ्यांचा काउंट ओढणं चालू असेपर्यंत थोडा वर राहतो आणि सोडल्यावर काही महिन्यांत हळूहळू उतरतो. वजन खूप जास्त असेल तरी थोडा वाढलेला राहतो. अपघातात प्लीहा काढून टाकावी लागली असेल तरी कायमचा वर राहू शकतो. अशा माणसाला स्वतःचा नेहमीचा आकडा माहीत असणं फार उपयोगाचं असतं.

गरोदर बायकांनी तर त्या लाल बाणाकडे बघून अजिबात जीव टांगणीला लावू नये. पोटात बाळ असताना काउंट वाढतोच, तेरा-चौदा, पंधरा हजारापर्यंत सहज, आणि कळा सुरू झाल्यावर आणि बाळंत झाल्यावर पंचवीस हजाराच्या पुढंही जाऊ शकतो. रिपोर्टवर छापलेली रेंज साध्या मोठ्या माणसाची असते, मशिनला माहीत नसतं की बाई आठव्या महिन्यात आहे. अर्थात ताप, लघवीला जळजळ, अंगावरून वास येणारं पाणी जाणं असं काही असेल तर लगेच दाखवायचं, ते वेगळं.

लहान मुलांचंही तेच. सिडकोतली एक आई आठ महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आली होती, डोळे रडून सुजलेले, टोटल १२,८०० आणि लिम्फोसाइट ६२ टक्के, दोन्हीपुढं लाल बाण, आणि घरातल्या कुणीतरी सांगितलेलं की लिम्फोसाइट वाढणं म्हणजे ल्युकेमिया, म्हणजे ब्लड कॅन्सर. अहो, नवजात बाळाचा काउंट वीस-पंचवीस हजारही नॉर्मल असतो आणि साधारण चार-पाच वर्षांपर्यंत मुलांच्या रक्तात लिम्फोसाइटच जास्त असतात, मोठ्यांच्या बरोबर उलटं. त्या बाळाचा रिपोर्ट त्याच्या वयाला अगदी बरोबर होता. मला त्या दिवशी खरंच राग आला, बाळावर नाही, आईवरही नाही, वयाप्रमाणे रेंज न छापण्यावर. तुमच्या मुलाच्या रिपोर्टवर मोठ्यांची रेंज असेल तर लॅबला सांगा, वयाची रेंज टाकून द्या म्हणावं, तो तुमचा हक्क आहे.

मोठ्या माणसात लिम्फोसाइट वाढले तर बहुतेक वेळा व्हायरस असतो. घसा, गळ्यात गाठी, अंग मोडून येणं, आठ-पंधरा दिवस थकवा. स्मिअरमध्ये रिॲक्टिव्ह किंवा ॲटिपिकल लिम्फोसाइट असं लिहिलेलं असतं, ॲटिपिकल शब्द वाचून लोक हादरतात पण बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच की पेशी कामाला लागून आकारानं मोठी झालीय. मुलांच्या डांग्या खोकल्यात लिम्फोसाइट खूप वाढतात, हा बॅक्टेरियाचा आजार असूनही. पण साठीच्या पुढच्या माणसाचे लिम्फोसाइट, काही त्रास नसताना, महिनोन्महिने पाच हजाराच्या वर राहत असतील तर रक्ताच्या डॉक्टरांना, म्हणजे हेमॅटॉलॉजिस्टना दाखवा, सीएलएल नावाचा हळूहळू वाढणारा आजार असू शकतो आणि त्याला बऱ्याच जणांत सुरुवातीला औषधही लागत नाही, नुसती देखरेख लागते.

इओसिनोफिलवर मी जरा जास्त बोलते कारण आपल्या भागात हा प्रकार खूप. लोक त्याला इस्नोफिलिया म्हणतात. शिंका, सर्दी, दमा, अंगाला खाज, गाजर गवतानं उठणारी त्वचेची ॲलर्जी, एखाद्या औषधाची रिॲक्शन, आणि जंत. दरवर्षी द्राक्षाच्या कामाला सुरगाणा, पेठकडून माणसं दिंडोरी-निफाडला येतात, अनवाणी मातीत दिवसभर. त्यातल्या एका बाईंचा रिपोर्ट मला आठवतो, टोटल १५,४००, आणि कुणीतरी त्यांना आधीच दोनदा अँटिबायोटिक दिलेलं. डिफरन्शिअल बघितलं तर इओसिनोफिल ४१ टक्के, म्हणजे सहा हजाराच्या वर. ते वजा केले तर बाकीच्या पेशी नऊ हजार, नॉर्मल. हिमोग्लोबिन ७.८. डॉक्टरांनी संडास तपासायला सांगितली आणि त्यात हुकवर्मची अंडी सापडली, अंकुशकृमी, जो पायाच्या कातडीतून आत शिरतो आणि आतड्यात बसून रक्त पितो. जंताची गोळी आणि लोहाच्या गोळ्या, एवढ्यावर त्या बाई तीन महिन्यांत सुधारल्या. दोन अँटिबायोटिकचे कोर्स मात्र फुकट गेले, पैसे त्यांचे गेले. एका रिपोर्टच्या दुसऱ्या ओळीकडे कुणी बघितलं असतं तर हे टळलं असतं.

इओसिनोफिल ५०० ते १,५०० पर्यंत असतील तर बहुतेक ॲलर्जी-जंतातलं असतं, पण १,५०० च्या वर सारखे राहिले तर दुर्लक्ष करायचं नाही, कारण या पेशी फार काळ जास्त राहिल्या तर हृदयाला आणि फुप्फुसाला इजा करू शकतात. आणि ३,००० च्या वर, रात्री ठसका लागून झोपमोड, धाप, असं असेल तर डॉक्टर ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलियाचाही विचार करतात, हत्तीरोगाच्या जंतांविरुद्ध फुप्फुसाची ती प्रतिक्रिया असते, म्हणून तुम्ही आधी विदर्भात किंवा हत्तीरोग असलेल्या दुसऱ्या भागात राहिला असाल तर ते आवर्जून सांगा. त्यावर जे डायइथिलकार्बामाझिन हे औषध आहे ते आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमनं १९४० च्या दशकात शोधलं, आणि लहान मुलांच्या ल्युकेमियात १९४७-४८ मध्ये बोस्टनला डॉक्टर सिडनी फार्बर यांनी जे अमिनोप्टेरिन वापरून पहिल्यांदा आजार तात्पुरता तरी मागे हटवला तेही त्यांच्याच लॅबमधून आलेलं. एक माणूस, पांढऱ्या पेशींच्या दोन टोकांच्या आजारांवर. आपल्याकडे त्यांचं नाव किती कमी जणांना माहीत आहे याचं मला वाईट वाटतं.

एक सावधगिरी, इओसिनोफिल वाढलेत म्हणून कुणी परस्पर स्टेरॉइड देत असेल तर आधी जंतांचं बघितलं का ते विचारा. स्ट्राँगिलॉइड्स नावाचा एक जंत आहे, तो पोटात असताना स्टेरॉइड दिलं तर तो शरीरभर पसरून जीव जाऊ शकतो.

मोनोसाइट वाढणं कमी दिसतं. इन्फेक्शन बरं होत असताना थोडे दिवस वाढतात, टीबीत वाढू शकतात. खोकला दोन आठवड्यांहून जास्त, संध्याकाळचा ताप, वजन घटलेलं, असं असेल तर थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ती तपासणी आणि टीबीची औषधं मोफत आहेत. बेसोफिल वाढलेले असतील, आणि टोटलही खूप असेल, तर मात्र आम्ही लॅबवाले ताठ बसतो.

आता त्या प्रश्नाकडे, जो सगळे आवाज खाली करून विचारतात. ब्लड कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी वाढतात हे खरं, पण वाढलेल्या पांढऱ्या पेशींमध्ये ब्लड कॅन्सर फार थोड्यांना असतो. १२ हजार, १५ हजार असे आकडे दिवसातून कितीतरी वेळा येतात आणि त्यामागं साधी कारणं असतात. पन्नास हजाराच्या वर गेलेला काउंटसुद्धा कधीकधी जोरदार इन्फेक्शनमुळं असतो, त्याला ल्युकेमॉइड रिॲक्शन म्हणतात. आणि उलट, काही ल्युकेमियात टोटल काउंट नॉर्मल किंवा कमी असतो, म्हणून नुसत्या आकड्यावर कुठलाच निष्कर्ष काढायचा नाही. मग काय बघायचं, तर स्मिअरमध्ये ब्लास्ट, म्हणजे अगदी कच्ची पेशी, हा शब्द आहे का. पांढऱ्या वाढल्यात आणि त्याच वेळी हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स दोन्ही घसरलेत का. हिरड्यातून रक्त, अंगावर न लागता काळेनिळे डाग, मानेत-काखेत न दुखणाऱ्या गाठी, डाव्या बरगडीखाली जड वाटणं, रात्री कपडे भिजेपर्यंत घाम, कारण नसताना वजन उतरणं. यातलं काही असेल तर दोन आठवडे वाट बघू म्हणत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर. ब्लास्ट लिहिलेलं असेल तर त्याच दिवशी हेमॅटॉलॉजिस्ट. काउंट लाखाच्या घरात असेल आणि श्वास लागत असेल, डोळ्यापुढं अंधारी येत असेल, डोकं जड होऊन बोलणं अडखळत असेल तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला.

काही वर्षांपूर्वी एका पंचेचाळिशीतल्या माणसाचं सॅम्पल आलं, थकवा एवढीच तक्रार, टोटल १ लाख ४६ हजार. मला मशिन बिघडलं वाटलं, परत लावलं, तेवढाच. स्लाइड रंगवली, मायक्रोस्कोपखाली धरली तर मॅरोत असतात त्या सगळ्या पायऱ्यांच्या पेशी बाहेर रक्तात, मायलोसाइट, मेटामायलोसाइट, बँड, आणि बेसोफिल पण जास्त. मी मॅडमना फोन केला, मॅडमनी त्यांच्या डॉक्टरांना. सीएमएल निघाला, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. यात ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलले जातात, ते बदललेलं गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात सापडलं म्हणून त्याला फिलाडेल्फिया क्रोमोसोम म्हणतात, आणि त्यातून तयार होणाऱ्या बिघडलेल्या प्रोटीनवर नेम धरणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. भारतात तिच्या पेटंटचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि १ एप्रिल २०१३ ला कोर्टानं पेटंट नाकारलं, त्यामुळं इथं जेनेरिक गोळी मिळत राहिली. तो माणूस आजही दर तीन महिन्यांनी आमच्याकडे सीबीसीला येतो, काउंट पाच-सहा हजार, नोकरी चालू आहे. कॅन्सर शब्दानंतरही पुष्कळ आयुष्य असतं हे मी त्याच्या रिपोर्टवरून रोज शिकते.

तर तुमच्या हातात वाढलेला काउंट आला की काय करायचं. ताप, धाप, पोटात जोराचं दुखणं, गुंगी, लघवी कमी होणं, असं काही असेल तर रिपोर्ट वाचत बसू नका, आधी दवाखाना गाठा. तब्येत ठीक असेल तर कोणता प्रकार वाढलाय तो ॲब्सोल्यूट आकडा काढा. मग जुने रिपोर्ट शोधा, फाइलमध्ये, कपाटात, व्हॉट्सॲपवर, कारण आज १२,००० असणं आणि पाच वर्षं १२,००० असणं आणि सहा महिन्यांत ८ चे १२ आणि १२ चे २० होणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मग गेल्या महिन्याभरात घेतलेलं प्रत्येक औषध लिहून काढा, सांध्यात दिलेलं इंजेक्शन, दम्याच्या गोळ्या, पुडीतलं काहीही, आणि दुखण्यावरची म्हणून कुणी पावडर दिली असेल तर तीसुद्धा, कारण तसल्या पावडरीत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. अँटिबायोटिक आपल्या मनानं सुरू करू नका, त्यानं टेस्टमध्ये जंतू सापडायचे राहून जातात आणि डॉक्टरांना कारण शोधणं अवघड होतं. काउंट उतरवायला म्हणून काढे, रस, पानांचे अर्क यांच्या मागं लागू नका, उतरवायचा काउंट नसतो, बरं करायचं कारण असतं.

डॉक्टरांना एवढं विचारा, कोणती पेशी वाढलीय, स्मिअर पॅथॉलॉजिस्टनी डोळ्यानं बघितलाय का की फक्त मशिनचा आकडा आहे, आणि परत सीबीसी कधी करायचा. मशिन चुकू शकतं. प्लेटलेट्सचे गठ्ठे झाले किंवा कच्च्या लाल पेशी बाहेर आल्या तर मशिन त्यांनाच पांढऱ्या म्हणून मोजतं, म्हणून विचित्र आकडा आला की स्लाइड बघणं गरजेचं. आणि परत कराल तेव्हा शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळी, शांतपणे दहा-पंधरा मिनिटं बसून मग रक्त द्या. सीबीसीला उपाशी राहायची गरज नसते, पाणी प्या, चहा प्यायला तरी चालतो, फक्त धावतपळत जिने चढून येऊन लगेच हात पुढं करू नका.

आणि रिपोर्ट घरी नेलात की त्याच्या मागच्या बाजूला पेनानं लिहून ठेवा, त्या दिवशी ताप होता का, कोणतं औषध चालू होतं, काही दुखत होतं का. आप्पांच्या त्या १८,६०० च्या रिपोर्टमागं माझ्या अक्षरात लिहिलंय, "ताप नाही, प्रेडनिसोलोनचा चौथा दिवस". मागच्या वर्षी त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी नव्या डॉक्टरांनी फाइल चाळताना तो आकडा बघून भुवया वर केल्या, पान उलटलं, ती ओळ वाचली आणि पुढचा रिपोर्ट बघायला लागले.